अकॉर्डियनचा डावा हात ऐकू येऊ द्या

महोदय,

युरोपातल्या वाद्यवृंदांच्या मैफली घरबसल्या थेट पाहण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेले टिपण उपयोगी होते. मात्र त्यात अकॉर्डियनला 'गळ्यात अडकवलेली पेटी' म्हटले आहे आणि मैफल मोबाइलवर ऐकावी असे सुचवले आहे. दोन्ही मानले तर या वाद्याचा निम्मा भाग कानावर येणारच नाही.

पेटी आणि अकॉर्डियन दोन्हींत धातूची मोकळी पट्टी थरथरून सूर निघतो, इथवर साम्य खरे. पण पेटीत बाहेरच्या भात्याची हवा आतल्या भात्यात साठते आणि स्प्रिंगच्या दाबाने सुटते, म्हणून आवाज बराचसा एकसारखा राहतो. अकॉर्डियनमध्ये असा साठाच नाही. डावा हात भाता जितक्या जोराने ओढेल किंवा दाबेल, तितकाच त्या क्षणी आवाज. भाता उघडताना आणि मिटताना तोच सूर यावा म्हणून प्रत्येक सुराला दोन पट्ट्या असतात.

गुडी सिरवई, एनॉक डॅनियल्स या वादकांमुळे आपल्या कानात बसलेले अकॉर्डियन वेगळे. त्या घडणीच्या 120 बटणांच्या वाद्यात डाव्या हाताला सहा रांगा: दोन एकेरी खर्जाच्या, चार तयार कॉर्डच्या, म्हणजे एका बटणावर एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या. मैफलीच्या वाद्यात एक खटका बदलला की याच बाजूला सुटे सूर मिळतात आणि जर्मन संगीतकार बाखची फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत गुंफलेली रचना, दोन्ही हातांनी वाजवता येते. मोठ्या बायानचा, म्हणजे बटणांच्या रशियन अकॉर्डियनचा, खर्ज 41 हर्ट्झपर्यंत (सेकंदाला 41 कंपने) उतरतो. मोबाइलचा स्पीकर त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो. वायरचा बरा हेडफोन किंवा साधे स्टीरिओ स्पीकर हवेतच, आणि टीव्हीतली 'आवाज समान राखा' ही सोय बंद हवी.

खरा घोळ मात्र प्रक्षेपण करणाऱ्यांच्या बाजूला होतो. रशियन संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांच्या बायानच्या रचनांत, उदाहरणार्थ 1978 च्या 'दे प्रोफुंदिस'मध्ये, वादक हवा सोडण्याचे बटण दाबून भाता चालवतो. सूर नाही, फक्त श्वास. ध्वनिमिश्रणात गोंगाट काढणारी स्वयंचलित यंत्रणा चालू असेल, तर ती हा श्वास कचरा समजून पुसून टाकते. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय त्याहून वाईट. भात्याने दहा सेकंदांत चढवत नेलेला सूर ती सपाट करून ठेवते. दोन्ही बंद ठेवाव्यात. तालमीत सर्वांत मोठा टुटी, म्हणजे सारा वाद्यवृंद एकत्र वाजतो तो भाग, वाजवून घ्यावा आणि त्यावरही दहा-बारा डेसिबल जागा सोडावी.

माइक दोन लागतात. उजव्या बाजूचा स्टँडवर, साधारण अर्ध्या मीटरवर. त्याहून जवळ आणला तर बटणांची खडखड आणि आवाजाचा पोत बदलण्यासाठी हनुवटीने दाबायच्या रजिस्टरच्या खटक्यांचा टकटकाट येतो. डाव्या बाजूला स्टँड चालत नाही. भाता उघडताना ती बाजू तीस-चाळीस सेंटिमीटर बाहेर सरकते आणि खर्ज माइकवर आदळतो, मिटताना दूर पळतो. तिथे लवचिक दांडीचा छोटा माइक वाद्यालाच बसवावा. कॅमेरेवाल्यांनाही एक विनंती: सारखी उजव्या हाताची बोटे दाखवू नका. वाक्य कुठे संपले ते भाता कुठे उलटला यावरून कळते.

स्वर लावण्याचीही एक अडचण असते. एरवी ओबो या फुंकवाद्याच्या सुरावर सारे लावतात. अकॉर्डियनच्या पट्ट्या मंचावर घासून बदलता येत नाहीत, तेव्हा वाद्यवृंदाने अकॉर्डियनकडून सूर घ्यावा. इटलीतल्या कास्टेलफिदार्दो या गावात बनलेल्या वाद्यांचा 'ए' सूर बहुधा 442 हर्ट्झवर असतो. बाकीचे 440 वर राहिले तर लांब धरलेल्या त्या सुरात आवाज सेकंदाला दोनदा वरखाली होतो. त्यातही खर्जाच्या पट्ट्या जोर दिला की किंचित उतरतात.

अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांची 1979 ची बांदोनिऑन कॉन्चेर्तो (बांदोनिऑन हे अकॉर्डियनच्या कुळातले भात्याचे वाद्य, कॉन्चेर्तो म्हणजे एक प्रमुख वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) अकॉर्डियनवरही वाजते. तिच्यात तंतुवाद्ये, हार्प, पियानो आणि तालवाद्ये आहेत, फुंकवाद्ये नाहीत. गुबायदुलिना यांच्या 2009 च्या 'फाखवेर्क'मध्येही बायानसोबत तंतुवाद्ये आणि तालवाद्येच. माझ्या मते याचा फायदा असा: ओबो, क्लॅरिनेटही पट्टीचीच वाद्ये, त्यांच्या शेजारी अकॉर्डियनचा आवाज सहज वेगळा ओळखू येत नाही. नव्या श्रोत्याने या दोन कृतींपासून सुरुवात करावी.

आपल्याकडच्या आयोजकांनी एक ध्यानात घ्यावे. पियाझोला 1992 मध्ये वारले, गुबायदुलिना 2025 मध्ये; दोघांच्या रचना कॉपीराइटच्या हक्काखाली आहेत. सभागृहात वाजवण्याची परवानगी म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी नव्हे, ती प्रकाशकाकडून वेगळी घ्यावी लागते. बाखलाही सरसकट सूट नाही, कारण अलीकडे कुणी केलेल्या रूपांतरावर त्या रूपांतरकाराचा हक्क असतो.

वेळेचे गणितही टिपणात चुकले आहे, बरोबर गणित असे. बर्लिनचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा, म्हणजे तारीखही पुढची. हेलसिंकीचे सात म्हणजे अनुक्रमे साडेनऊ आणि साडेदहा. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. नेट अडखळत असेल तर सुरुवातीलाच मिनिटभर थांबवून मग चालू करावे. मागे राहिलेल्या त्या मिनिटाचा साठा पुढच्या छोट्या खंडांना बहुधा पुरतो.

— अकॉर्डियन व हार्मोनियम दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे