यकृतातील हायडॅटिड गाठी आणि पशुसंवर्धन खाते : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माणसाच्या यकृतात होणाऱ्या एका रोगाविषयी मी आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे, याचे कदाचित आपल्याला आश्चर्य वाटेल. हायडॅटिड नावाच्या या रोगाचे रुग्ण सर्जनकडे जातात हे खरे. परंतु तो होऊ नये म्हणून जे करावे लागते ते जवळजवळ सगळे कुत्रा, मेंढी आणि खाटिकखाना यांच्याशी निगडित असल्यामुळे आपल्याच खात्याच्या कक्षेत येते. पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याने हे सांगणे अस्थानी ठरू नये.

एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची लांबी काही मिलिमीटरच असते, आणि पोटात असे हजारो कृमी बाळगूनही कुत्रा धडधाकट दिसतो. विष्ठेतून पडलेली अंडी चाऱ्याबरोबर मेंढ्या, शेळ्या, गाई-म्हशींच्या पोटात जातात. तीच अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटून हातावाटे, किंवा न धुतलेल्या भाजीपाल्यावाटे, माणसाच्या पोटात पोहोचतात. तेथून अळी रक्तावाटे बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात जाऊन बसते आणि पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढत राहते. उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवू लागेपर्यंत, किंवा भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी होईपर्यंत, रुग्णाला पत्ता नसतो. गाठ फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीव धोक्यात येतो आणि सांडलेल्या द्रवातून पोटात नव्या गाठी रुजू शकतात; म्हणूनच अल्बेंडाझोलच्या गोळ्या दीर्घकाळ घेणे, सुईने द्रव काढणे किंवा शस्त्रक्रिया हे सारेच जपून करावे लागते. मटण खाल्ल्याने हा रोग होतो, असा समज मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. माणसाला रोग देतात ती कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी.

कुत्र्याला मात्र तो मांसातूनच होतो, आणि हे पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. आठवडे बाजारात मेंढी सोलली जात असताना यकृतावर कधी कधी पांढुरकी, ताणलेली पिशवी दिसते. खाटीक सुरीने तेवढा भाग काढतो आणि बाजूला टपून बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. त्या पिशवीतील पाणी नितळ असते व तळाशी बारीक वाळूसारखा गाळ असतो. त्यातील सूक्ष्म अळ्यांपैकी प्रत्येकीचा कुत्र्याच्या आतड्यात कृमी होऊ शकतो आणि साधारण सहा-सात आठवड्यांत तो अंडी टाकू लागतो. खाटिकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो तुकडा टाकायचा कुठे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितले तरी झाकणाचा पक्का खड्डा कोणी बांधून दिलेला नसतो. गावजत्रेत बोकड उघड्यावर कापले जातात तेव्हा तर पाहायलाच नको.

मोकाट कुत्र्यांविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुतेक चावा आणि रेबीजपुरते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरणाबरोबर जंतनाशकाचाही उल्लेख केला आहे. तथापि पकडलेल्या कुत्र्याला एकदा गोळी देऊन सोडले, की काम झाले असे होत नाही. प्राझिक्वान्टेल हे जंतनाशक कृमी मारते, पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण देत नाही. म्हणून वर्षातून किमान चार वेळा ते द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. या औषधाने अंडी मरत नाहीत, त्यामुळे डोसानंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवून विष्ठा खोल पुरणे किंवा जाळणे आवश्यक असते. मोकाट कुत्र्यांबाबत हे अवघड आहे, हे मी जाणतो. मेंढपाळांच्या पाळीव कुत्र्यांबाबत मात्र ते सहज शक्य आहे.

तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून शासन मेंढ्या घेण्यास अनुदान देते. त्याच यंत्रणेमार्फत वाड्यावरील, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावरील, कुत्र्यांसाठी प्राझिक्वान्टेल मोफत मिळावे आणि १९६२ क्रमांकावरील फिरत्या पशुवैद्यकीय पथकांनी ते वाड्यावर जाऊन द्यावे. धनगर बांधवांना दवाखान्यात बोलावण्यात हशील नाही. कळप सोडून ते येणार कसे? खाटिकखान्यांत, आणि जिथे खाटिकखाना नाही तिथे बाजाराच्या ठिकाणी, गाठी असलेले यकृत व फुप्फुस खोल पुरण्याची किंवा चांगले उकळण्याची सोय नगरविकास व ग्रामविकास खात्यांकडून करवून घ्यावी. मांसतपासणीत आढळणाऱ्या गाठींची तालुकावार नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवली, तर सोनोग्राफीची शिबिरे कुठे घ्यावीत हेही ठरवता येईल. मेंढ्यांसाठी ईजी९५ ही लस उपलब्ध आहे. तिचा विचार पुढच्या टप्प्यात करता येईल.

हे काम चिकाटीचे आहे, अशक्य नाही. एकोणिसाव्या शतकात आइसलँड या रोगाने ग्रासलेला होता. तेथे घरोघरी माहिती देऊन, कुत्र्यांवर औषधोपचार सक्तीचे करून आणि कत्तलीचे अवशेष त्यांच्यापासून दूर ठेवून तो नाहीसा करण्यात आला. न्यूझीलंडने अनेक दशके कुत्र्यांना नियमित औषध दिले आणि २००२ मध्ये आपण या रोगापासून तात्पुरते मुक्त झाल्याचे जाहीर केले. दोन्ही देश बेटांचे आहेत आणि आपल्याकडे कळप शेकडो किलोमीटर फिरतात, हा फरक मी नाकारत नाही. पण त्यांच्या वाटा ठरलेल्या आणि मुक्काम ओळखीचे असतात.

दिवाळीनंतर सातारा-पुण्याकडील अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात. त्याआधी निदान एका तालुक्यात पहिला डोस दिला जावा, यासाठी आपण आयुक्तांना लेखी निर्देश द्यावेत, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी