आधी गिलावा सोला, मग कोटेशन घ्या

मा. संपादक,

दिवाळी झाली की सांगलीच्या गावभाग, खणभागातल्या जुन्या घरांत खिडक्या बदलायची कामं निघतात. नव्या खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. खिडकीच्या वर काय आहे, हे कुणी बघत नाही.

माती-चुन्याच्या भिंतीत खिडकीवर बहुधा काँक्रीटचं लिंटल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) नसतं, लाकडी फळ्या असतात. त्या वाळवीने किंवा ओलीने खचल्या की भिंतीचा भार चौकटीवर येतो. अशी चौकट पहारीने उचकटली तर वरच्या विटा अंगावर येतील. म्हणून दोन्ही वरच्या कोपऱ्यांतला वीतभर गिलावा आधी सोलावा. फळी दोन्हीकडे निदान सहा इंच भिंतीत हवी; पेचकस सहज रुतला, तर ते लाकूड गेलं. मग टेकू दिल्याशिवाय चौकटीला हात लावू नये. आणि एका भिंतीतल्या सगळ्या खिडक्या एकदम तर मुळीच काढू नयेत.

जुनी खिडकी काटकोनात क्वचितच असते. रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंचीही तीन ठिकाणी मोजावी; सर्वांत लहान मापातून दहा मिलिमीटर वजा करून फ्रेम करावी. दोन्ही कर्णही मोजावेत. चुन्याच्या सांध्यात फास्टनर (फ्रेम भिंतीला आवळणारा स्क्रू) धरत नाही, नुसता भुगा पडतो. भोक अखंड विटेत किंवा दगडात घ्यावं.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी निघून जायला भोकं असतात. कारागीर तीच सिलिकॉनने बुजवतात आणि पहिल्या वळवाला ‘खिडकी गळते’ म्हणून बोंब होते! खालच्या फरशीला उतार बाहेरच्या बाजूला हवा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगावं लागतं. दोन काचांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. स्वयंपाकघरात तरी झडपांचीच ठेवावी.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या चौकटी पुष्कळदा फक्त तळाशी कुजल्या आहेत. तेवढा भाग कापून सुतार नवं लाकूड सांधून देतो. बदलायचीच असेल, तर जुन्या सागवानाचा दर आधी ठरवावा. ‘जुना माल आम्हीच नेतो’ हे वाक्य ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्या सागवानाचे पैसे बिलातून वजा झालेले क्वचितच दिसतात.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली