टक्के कशाचे?

ती. आई-बाबा,

सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘डॉक्टर तीस टक्क्यांपर्यंत फॅट चालेल म्हणतात, आणि दुधाच्या पाकिटावर तर साडेतीनच टक्के लिहिलंय. मग कितीही प्यायलं तरी काय बिघडतं?’ फोनवर आकडे हवेत उडून जातात, म्हणून हे लिहून पाठवतेय.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांची तुलना होऊच शकत नाही. पाकिटावरचे साडेतीन टक्के वजनाचे, म्हणजे १०० ग्रॅम दुधात ३.५ ग्रॅम फॅट. डॉक्टरांचे ३० टक्के कॅलरींचे, आणि तेही दिवसभरातल्या सगळ्या खाण्याचे मिळून.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक ग्रॅम प्रथिनातून साधारण ४ कॅलरी मिळतात, कर्बोदकातूनही ४, फॅटमधून मात्र ९. शंभर ग्रॅम दुधात ३.२ ग्रॅम प्रथिनं आणि ४.८ ग्रॅम कर्बोदकं धरा. प्रथिनांच्या १२.८ कॅलरी, कर्बोदकांच्या १९.२ आणि फॅटच्या ३१.५. बेरीज ६३.५. म्हणजे जवळजवळ निम्म्या कॅलरी एकट्या फॅटच्या! दुधात बहुतेक पाणीच असतं. ते वजनात धरलं जातं, पण त्याच्या कॅलरी शून्य. त्यामुळे वजनाचा टक्का इतका छोटा दिसतो.

पण म्हणून दूध सोडू नका. दीड टक्केवालं घेतलंत तर हाच वाटा पन्नासवरून तीसच्या आसपास येतो, आणि एकूण कॅलरीही कमी होतात.

बिस्किटांत पाणी नसल्यासारखंच, त्यामुळे तिथे एवढी तफावत पडत नाही. तरी १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम फॅट, ७० कर्बोदकं, ७ प्रथिनं असतील तर कॅलरींतला फॅटचा वाटा ३७ टक्के होतो. ‘९५ टक्के फॅट-फ्री’ असं ठळक छापलेलं दिसलं की मला राग येतो, कारण ते टक्के नेहमी वजनाचे असतात.

आई, पाकिटावरच्या तक्त्यातली साखर तू बेरजेत वेगळी मिळवत जाऊ नकोस. ‘त्यापैकी साखर’ ही ओळ कर्बोदकांत आधीच मोजलेली असते, तसंच सॅच्युरेटेड फॅट एकूण फॅटमध्ये. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे (एका वेळी खायच्या वाट्याचे), हे आधी बघ. काही पाकिटांवर उजवीकडे अजून एक टक्क्यांचा रकाना असतो, तो दिवसाच्या गरजेपैकी किती भागतं ते सांगतो. या हिशेबात त्याला धरायचं नाही.

तुमची बेरीज छापील कॅलरींशी थोडी चुकली तर काळजी नको. तंतूंच्या (फायबरच्या) कॅलरी ग्रॅममागे साधारण २ च धरतात, शिवाय आकडे पूर्णांकात छापतात. छापील आकडा तुमच्या बेरजेच्या साधारण चौपट दिसला तर तो किलोज्यूलमध्ये (ऊर्जेच्या दुसऱ्या एककात) असेल, त्याला ४.१८ ने भागा.

अक्षरं बारीक असतात, डोळ्यांना ताण देऊ नका. मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढून मोठा करा, आणि अडलं तर मला पाठवा. रात्री फोन करते, तेव्हा बिस्किटांचं पाकीट जवळ ठेवा.

तुमची,
लेक