किल्डेअरची लव्हाळी

न्यूब्रिज, काउंटी किल्डेअर
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुमे,

तुझं पत्र गणपतीच्या सुमारास आलं आणि उत्तराला माघ उजाडला. रागावू नकोस. तू जात्यावरच्या ओव्या गोळा करत गावोगाव हिंडतेस, म्हणून प्रश्नही त्याच वळणाचा विचारलास : "तिकडे चर्चच्या आधी जो धर्म होता, त्यातलं कुणाच्या घरात काही उरलंय का?" फोनवर बोलले असते तर दोन वाक्यांत गुंडाळलं असतं, आणि मला ते गुंडाळायचं नव्हतं. आज सुट्टी आहे. गंमत म्हणजे ती तुझ्या प्रश्नाचीच सुट्टी आहे.

१ फेब्रुवारी हा इथे संत ब्रिजिडचा दिवस. २०२३पासून त्याची सार्वजनिक सुट्टी मिळते, यंदा ती आज सोमवारी आली. बाईच्या नावाने असलेली आयर्लंडमधली ही पहिली सुट्टी. ब्रिजिड म्हणजे किल्डेअरचा मठ स्थापन करणारी, पाचव्या-सहाव्या शतकातली संतीण. पण त्याच नावाची एक देवीही होती. सन ९००च्या आसपासचा एक जुना आयरिश शब्दकोश आहे, कॅशेलचा राजा-बिशप कॉरमॅक याच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात लिहिलंय की ब्रिजिडला कवी पूजत असत, ती दाग्दा या देवाची मुलगी, आणि तिच्या दोन बहिणींचं नावही ब्रिजिडच : एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. कविता, औषध आणि भट्टी, तिन्ही एकाच नावाखाली. आणि हाच दिवस इम्बोल्कचाही, म्हणजे मेंढ्या दुधावर येण्याचा, हिवाळा सरत आल्याचा जुना सण. आमच्याजवळच्या करघच्या माळावर आत्ता मेंढ्या चरताहेत. लोककथा सांगते की राजाने ब्रिजिडला "तुझी शाल पुरेल तेवढी जमीन घे" म्हटलं, तिने शाल अंथरली आणि ती हा सगळा माळ झाकेपर्यंत पसरतच गेली. तुला वामनाची आठवण आली ना? मलाही आली.

आता घरात काय उरलंय ते सांगते. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या आजींनी बोलावलं होतं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण हात अजून चटचट चालतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओल्या लव्हाळ्यांचा भारा होता, पुतण्याने दलदलीतून आणलेला. त्यांनी आधी त्यालाच विचारलं, "उपटलीस ना? कापली नाहीस ना?" विळा लावायचा नाही, हाताने उपटायची, असा रिवाज आहे. मग मला शेजारी बसवून क्रॉस विणायला शिकवलं. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती अडकवायची. सगळं पाव फेरा फिरवायचं, तिसरी काडी दुमडून आधीच्यांवर घ्यायची, पुन्हा पाव फेरा. मधला चौक अंगठ्याने घट्ट दाबून ठेवायचा. माझा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा आजींनी स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्यावर दाबून धरला, सात-आठ काड्या होईपर्यंत. खोलीत तळ्याकाठचा हिरवा वास भरला होता. एक काडी मोडली तर आतून पांढरा, कापसासारखा गाभा निघाला. आजी म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या लहानपणी हाच गाभा चरबीत बुडवून दिवे लावायचे. म्हणजे वात! अग्नीच्या देवीचा क्रॉस ज्या गवताचा, त्याच गवताची वात.

चारही हातांची टोकं दोऱ्याने बांधली की झालं. तो दारावर लावायचा, घराला आग आणि उपासमार शिवू नये म्हणून. मागच्या वर्षीचा वाळून तपकिरी झालेला तिथे होताच. हात एकमेकांसमोर नेमके येत नाहीत, जरा सरकलेले असतात, त्यामुळे लांबून पाहिलं की आपलं स्वस्तिकच वाटतं.

पण इथे मी स्वतःला आवरलं, आणि तूही आवर. साम्य दिसलं की नातं जोडायचा मोह होतो. एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज लेखकांनी ड्रुइड, म्हणजे चर्चच्या आधीचे इकडचे पुरोहित-पंडित, हे भारतातून आले असं ठोकून दिलं, आणि आपल्याकडेही "ड्रुइड म्हणजे द्रविड" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण खरं नातं त्याहून सुंदर आहे आणि ते शब्दांत आहे. ब्रिजिड या नावाचा मूळ अर्थ "उंच, थोर ती". आपली "बृहती" त्याच मुळाची. ड्रुइड हा शब्द बहुतेक भाषातज्ज्ञ "द्रु" आणि "विद्" असा फोडतात : द्रु म्हणजे झाड, विद् म्हणजे जाणणं. आणि किल्डेअर म्हणजे आयरिशमध्ये "किल दारा", ओक वृक्षाचं चर्च. त्यातला ओक आणि आपल्या देवदारमधलं "दारु" हे एकाच शब्दाचे वंशज. रोज ज्या पाटीखालून बस जाते, तिच्यावर आपला शब्द आहे, हे कळलं त्या दिवशी मी बसमध्ये उगाचच हसत होते.

ड्रुइडांबद्दल जे ठाऊक आहे, ते बरंचसं त्यांच्या शत्रूंकडून. ज्युलियस सीझरने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकताना लिहून ठेवलं की त्यांचे काही शिष्य वीस-वीस वर्षं शिकत, सगळं पद्यात आणि तोंडपाठ. व्यवहाराचा हिशेब ते ग्रीक अक्षरांत लिहीत, पण धर्माची विद्या लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. आत्मा मरत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असं ते शिकवत. पुढे सन ६०च्या सुमारास रोमन सैन्य वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर उतरलं. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की किनाऱ्यावर काळ्या वस्त्रांतल्या बायका मशाली घेऊन धावत होत्या, ड्रुइड आकाशाकडे हात करून शाप देत होते, आणि सैनिक क्षणभर थिजले. नंतर कत्तल झाली आणि पवित्र राया तोडल्या गेल्या.

एक ओवी म्हणणारी बाई गेली की काय काय जातं, ते तू मला सांगितलं आहेस. इथे तर अख्खी पाठशाळा गेली. आयर्लंडमध्ये रोमन राज्य आलं नाही, पण पाचव्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आला. जुन्या कथा पुढे मठातल्या भिक्षूंनीच लिहून काढल्या, अर्थात त्यांच्या चष्म्यातून. त्यामुळे मंत्र, विधी, वीस वर्षांचं ते पाठांतर, यातलं एक अक्षर आज कुणाला येत नाही.

महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. आजींच्या टेबलाशी ते मला शब्दशः दिसलं. ओकच्या राया तुटल्या. ज्या ज्ञानाला खास शिष्य, खास गुरू लागत होते ते बुडालं. आणि ज्याला फक्त दलदलीतलं गवत आणि शेजारणीचा अंगठा लागतो, ते क्रॉस हे नाव घेऊन अजून दारावर बसलंय. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, सुमे. बाकी सगळं पत्र म्हणजे त्याच्यावरची फोडणी.

एक गोष्ट मात्र लिहिलेली सापडली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९७ साली फ्रान्समध्ये, लिओंजवळच्या कॉलिनी गावी शेतात काशाच्या पत्र्याचे तुकडे निघाले. जुळवल्यावर कळलं की ते गॉल लोकांचं पंचांग आहे, दुसऱ्या शतकातलं. महिने चांद्र. प्रत्येकाचे दोन भाग, आपल्या पक्षांसारखे. ३० दिवसांच्या महिन्यापुढे "चांगला" अशी खूण, २९च्या महिन्यापुढे "चांगला नाही" अशी. आणि पाच वर्षांत ६२ महिने, म्हणजे दोन अधिक मास! आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि ६२ चांद्र महिन्यांचं. चंद्र आणि सूर्य दोघांनाही सांभाळायचं तर गणित असंच पडतं, त्यामुळे यातही मी नातं शोधत नाही. पण यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ येतोय. तो आला की सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिओंजवळ कुणीतरी काशावर असाच जादा महिना कोरत बसला होता, हे आठव.

आता नव्या लोकांबद्दल. आमच्या ऑफिसात एक इंग्लंडचा सहकारी आहे, तो ड्रुइड आहे. दाढी-झगा काही नाही, साधा डेटाबेस सांभाळणारा माणूस. ड्रुइडांच्या एका संघाचा पत्राद्वारे चालणारा अभ्यासक्रम त्याने केला. हा संघ रॉस निकोल्स नावाच्या माणसाने १९६४ साली स्थापन केला. वर्षाचे आठ सण ते पाळतात. त्यातले चार, साउइन, इम्बोल्क, ब्याल्टना आणि लूनसा, हे आयर्लंडचे जुने. उरलेले चार म्हणजे दोन अयनं आणि दोन विषुवं, आणि आठांचं हे चक्र पक्कं बसलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधीही एक नूतनीकरण झालं होतं : १७९२ साली इओलो मॉर्गानूग या वेल्श पाथरवट कवीने लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडगोट्यांचं रिंगण करून कवींची सभा भरवली आणि ही ड्रुइडांची अखंड परंपरा आहे असं सांगितलं. त्याची पुष्कळ हस्तलिखितं त्यानेच रचलेली निघाली. तरी ती सभा आजही वेल्श भाषेच्या वार्षिक महोत्सवात भरते, आणि त्या मंचावर वेल्शमध्ये लिहिणाऱ्या कवीचा राजासारखा मान होतो. खोटेपणाचं मी समर्थन करणार नाही. पण दबलेल्या भाषेच्या कवीला सिंहासनावर बसवणारा सोहळा मला मोडीत काढवत नाही.

सहकाऱ्याला मी सरळ विचारलं, हे सगळं नवं आहे हे तुला खुपत नाही का? तो म्हणाला, "दर साउइनला मी माझ्या वडिलांसाठी एक जागा मांडतो. आधी मला त्यांच्यासाठी काहीच करता येत नव्हतं." साउइन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र, गेलेल्यांची. आपल्या पितृपक्षातलं पान मला आठवलं आणि मी पुढे काही विचारलं नाही.

काल किल्डेअर गावात गेले होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड नावाच्या वेल्श धर्मगुरूने इथल्या अखंड अग्नीचं वर्णन केलंय : एकोणीस जोगिणी एकेक रात्र राखण करत, विसाव्या रात्री लाकडं ठेवून ब्रिजिडलाच सांगत की आज तुझी पाळी, तुझा अग्नी तू सांभाळ. सकाळी तो पेटलेलाच असे. पुढे धर्मसुधारणेच्या काळात तो विझला. १९९३ साली ब्रिजिडीन पंथाच्या जोगिणींनी गावच्या चौकात तो पुन्हा पेटवला आणि तेव्हापासून राखला आहे. काल त्या ज्योतीपाशी गळ्यात जपमाळ घातलेल्या एक बाई आणि कपाळावर चंद्रकोर रंगवलेली एक मुलगी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक संत म्हणत होती, एक देवी. दोघी एकाच पुस्तिकेतून गात होत्या.

तिथून विहिरीवर गेले. विहीर म्हणजे झराच, बुटांच्या आकाराच्या दोन दगडांतून पाणी खाली येतं. बाजूच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या. दुखऱ्या जागेवरून ओलं फडकं फिरवायचं आणि झाडाला बांधायचं, ते कुजत गेलं की दुखणंही जातं अशी श्रद्धा. पण आता लोक नायलॉनच्या फिती, प्लॅस्टिकच्या माळा बांधतात. त्या कुजत नाहीत, फांदीत रुततात. एका कोवळ्या फांदीला गळफास बसला होता. मी नखाने ती गाठ सोडवत दहा मिनिटं उभी होते. कुणाचं तरी दुखणं मी सोडवून घेतेय का, ही भीती वाटत होती, पण झाडाचं दुखणं समोर दिसत होतं.

आता शेवटचं. शनिवारी रात्री आजींनी मला आणखी एक गोष्ट करायला लावली. ब्रिजिडच्या आदल्या रात्री एक कापड बाहेर ठेवायचं. ती रात्री गावातून फिरते आणि जाता जाता त्याला हात लावते. त्याला ब्रिजिडचा "ब्रात" म्हणतात, म्हणजे पांघरूण. ते वर्षभर जपायचं. बाळंतपणात उपयोगी पडतं, आणि डोकेदुखीवर तर खासच. माझ्याकडे आईच्या नऊवारीचा एक तुकडा आहे, ती जांभळी, जी नेसून ती आपल्याला शाळेत सोडायला यायची. तोच खिडकीबाहेर ठेवला. पौर्णिमेची आदली रात्र होती, चंद्र इतका लख्ख की पदराचे काठ दिसत होते. सकाळी काढला तेव्हा दवाने भिजून जड झाला होता. आजी म्हणाल्या, पिळायचा नाही, तसाच वाळू द्यायचा.

त्यातली एक पट्टी फाडून या पाकिटात घातली आहे. तुझी अर्धशिशी उठली की कपाळाला बांध. गोळी घे आणि हेही बांध. आणि कळव.

तुझी,
वैजू