गळतीचा हिशेबही छापावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बालपणातील परिस्थितीचा प्रौढवयातील आरोग्याशी संबंध सांगणाऱ्या जन्मगट अभ्यासांच्या (एकाच काळात जन्मलेल्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांच्या) बातम्यांत सहभागींची मूळ संख्या ठळकपणे दिली जाते; शेवटपर्यंत किती जण टिकले आणि कोण गळाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारायला हवा. वारंवार घर बदलणारी, हलाखीत जगणारी किंवा आजारी माणसे बहुधा अधिक गळतात, त्यामुळे उरलेला गट मूळ गटाहून सुस्थितीतला दिसतो, आणि हा दोष केवळ नमुना मोठा घेतल्याने दूर होत नाही. भारांकनासारख्या (उरलेल्यांपैकी गळालेल्यांशी साम्य असणाऱ्यांना हिशेबात अधिक वजन देण्यासारख्या) संख्याशास्त्रीय पद्धती गळालेल्यांविषयी आधी जे नोंदले गेले असेल, तेवढ्याच्याच आधारे दुरुस्ती करू शकतात.

न्यूझीलंडमधील डनेडिन अभ्यास १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांवर उभा आहे. त्यांच्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी हयात असलेल्या १,००७ जणांपैकी ९६१ जणांची तपासणी झाली. परदेशी स्थायिक झालेल्यांनाही प्रवासखर्च देऊन बोलावण्यात आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. याउलट, एक लाख मुलांचा मागोवा घेण्यासाठी आखलेला अमेरिकेतील राष्ट्रीय बाल अभ्यास २०१४ मध्ये बंद करावा लागला.

मोजमापाची साधने दशकागणिक बदलतात, तेव्हा जुन्या व नव्या साधनांनी काही काळ समांतर मोजणी झाली होती का, हेही तपासले पाहिजे. आपल्या दैनिकाने अशा बातम्यांत निदान टिकून राहिलेल्यांचे प्रमाण द्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक