अप्पा कुणाकडे आहेत?

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर दार लावलं आणि तिथेच बसून राहिले. निघताना तुझ्याशी धड बोलले नाही, ते दोन दिवस टोचतंय. या पत्रात देवाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण फिरून फिरून एकच मनात येतं. परक्या जागी, रात्री जीव घाबरा झाला तर तू कुणाला हाक मारशील?

ताईचं बाळ गेलं त्या आठवड्यात तू म्हणालास, ‘सोडवणारा कुणी असता तर तेव्हा आला असता. देव माणसाने भीतीपोटी उभा केलाय.’ मी ओरडले. येशूचा प्रेषित पौल, त्याला अथेनैत, म्हणजे अथेन्स शहरात, ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेली वेदी दिसली, तेव्हा तो तिथूनच बोलू लागला. न ओळखता ज्याला भजता, त्याच्याविषयीच सांगतो म्हणाला. तुझ्या रागातही तशी वेदी होती रे, मलाच दिसली नाही. जो नाहीच, तो आला नाही म्हणून कुणी इतकं रागावत नाही.

आणि भीतीचं म्हणशील तर घाबरलेलं मूल लपून बसतं. हाक तेच मारतं, ज्याला आपलं कुणी जवळपास असल्याचं ठाऊक असतं.

अप्पा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मधल्या खोलीतून पळून आलास आणि माझा पदर ओढून विचारलंस, ‘अप्पा आता कुणाकडे आहेत?’ सगळे ‘कुठे गेले’ म्हणत रडत होते, आणि तू ‘कुणाकडे’ म्हणालास. तो शब्द तुला आम्ही शिकवला नव्हता. मला उत्तर सुचेना. तू थोडा वेळ थांबलास आणि म्हणालास, ‘मग चष्मा इथेच कसा राहिला?’ तो चष्मा अजून माझ्या कपाटात आहे. पौल रोमकरांना लिहितो, की ज्यांना देवाने मोशेकडून दिलेलं नियमशास्त्र मिळालंच नाही, त्यांच्याही अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं. ते वाचताना मला दरवेळी तुझा तो प्रश्न ऐकू येतो.

बायबलमधला ईयोब म्हणतो, माझा उद्धारक जिवंत आहे. तिथे मूळ हिब्रू शब्द ‘गोएल’ आहे. कुणाची जमीन गेली, किंवा दारिद्र्यापायी त्याला स्वतःलाच विकावं लागलं, तर दाम मोजून सोडवून आणणारा जवळचा नातलग म्हणजे गोएल. विधवा रूथसाठी तिच्या सासरचा बवाज झाला तसा. ईयोबाला असा आपल्या नात्यातला, आपल्या बाजूने उभा राहणारा कुणी हवा होता. आणि हे तो बोलला ते दहाही मुलं गमावल्यानंतर, अंगभर फोड आलेले असताना. देवाला त्याने काय काय सुनावलं ते वाच कधीतरी. तू त्याच्या निम्मंही बोलला नाहीस.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. ईयोबाचे मित्र असेच उपदेश करत बसले होते, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. माफ कर. ताईसाठी त्या सगळ्या रात्री तू जागलास. घरात तेव्हा ताठ उभा असलेला तू एकटाच होतास, आणि हे मी तुला सांगितलंही नाही.

संत ऑगस्टीनच्या आईने, मोनिकाने, मुलगा श्रद्धेकडे वळावा म्हणून वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला 387 मध्ये, आणि त्याच वर्षी ती गेली. तिला निदान पाहायला मिळालं. मला किती वेळ आहे कोण जाणे. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

अजून एक, हेही सांगणार नव्हते. त्या रात्री डॉक्टर बाहेर येऊन नुसते मान हलवून गेले, तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस आणि हळूच ‘देवा’ म्हणालास. मी मागेच होते. माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ताईची चिठ्ठी आहे. तिला फोन कर. ती तुझ्यावर रागावलेली नाही.

तुझी,
आई