अँपार्फे घरीच शिका, बाबा

लियों, नोव्हेंबर

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी ‘बरं, बरं’ म्हणत फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, काल मी तुमच्या फ्रेंचच्या बाईंशी बोलले. हे सत्र तुम्ही पूर्ण करणार नाही, असं त्यांना सांगून टाकलं. उरलेली फी त्या पुढच्या सत्राला धरणार आहेत, तेव्हा पैसे बुडाले म्हणून आईवर चिडू नका. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं. ‘तूच सांग’ एवढं बोलून तो नेहमीसारखा मोकळा झाला.

तुम्हाला न विचारता केलं, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला पाठ आहे. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, संध्याकाळी सातला सुटून त्या गर्दीत बस धरायची. डॉक्टरांनी जिना नको म्हटलं, ते तुम्ही ‘शक्यतो नको’ असं ऐकलंत. नानांच्या वेळी आपण सगळ्यांनीच हे ‘शक्यतो’ फार ऐकलं होतं. त्यात थंडी, पहाटे तुमचा खोकला, आणि चक्कर आली तेव्हा जिन्यात शेजारी कुणी नव्हतं. क्लासातली ती पोरं तुम्हाला ‘ग्राँ-पेअर’, म्हणजे आजोबा, म्हणतात, तुमच्यासाठी पहिल्या बाकावर जागा धरतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगायला आठवडा घेतला.

क्लास थांबला, फ्रेंच नाही. बाई म्हणाल्या, आता अँपार्फे, म्हणजे फ्रेंचमधला अपूर्ण भूतकाळ, सुरू होणार होता. तो मी शिकवते. आई, तूही वाच. फ्रेंच शब्द त्यासाठीच देवनागरीत घालते आहे. बाबांचे उच्चार तपासायला घरात कुणीतरी हवंच.

रूप करायला सोपं आहे. वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्यायचं आणि शेवटचं ‘ओं’ काढून टाकायचं. नू पार्लों, आम्ही बोलतो. उरलं ‘पार्ल’. त्याला प्रत्यय लावायचे. ‘मी’ आणि ‘तू’साठी ए-आय-एस, ‘तो’, ‘ती’साठी ए-आय-टी, ‘ते’साठी ए-आय-ई-एन-टी. लिहायला वेगळे, कानाला चारही एकच: ज पार्ले, तू पार्ले, इल पार्ले, आणि अनेकवचनातही इल पार्ले. ‘आम्ही’ला इयों आणि ‘तुम्ही’ला इये, म्हणजे नू पार्लियों, वू पार्लिये. धातू कितीही वेडावाकडा असू दे, हीच युक्ती चालते. नू फिनिसों, म्हणून ज फिनिसे. नू ब्युव्हों, म्हणून ज ब्युव्हे, मी पीत होतो. अपवाद एकच, एत्र म्हणजे ‘असणे’. त्याचं ‘नू सोम’ होतं, त्यातून काही निघत नाही, म्हणून ‘एत’ हे अंग पाठ करायचं: जेते, मी होतो. पाऊस आणि ‘हवं असणं’ यांना ‘आम्ही’च नसतं, तर त्यांचं इल प्लव्हे आणि इल फाले एवढं लक्षात ठेवा.

फेअर, म्हणजे ‘करणे’, या धातूत तुम्ही नक्की अडकणार. नू फझों, म्हणून ज फझे. लिहिताना मध्ये ए-आय असतं, पण तिथे ‘फे’ म्हणायचं नाही, ओझरता ‘फ’ म्हणायचा. आई, इथे कान दे.

आता तुमच्या आवडीचं. या प्रत्ययांत आज ए-आय लिहितात ना, तिथे पूर्वी ओ-आय लिहीत. व्होल्तेअरने त्यासाठी कितीतरी वाद घातला, पण फ्रेंच अकादमीच्या कोशात नवं लेखन आलं ते 1835 च्या सहाव्या आवृत्तीत, तो जाऊन अर्धशतक उलटल्यावर. मूळ रूप लॅटिनमधलं, ‘अमाबाम्’ वगैरे. तुम्ही मागे फोनवर म्हणालात, ‘म्हणजे आपला लङ् लकार.’ नाही, बाबा. इंग्रजीतली संस्कृत व्याकरणं लङ्‌ला ‘इम्परफेक्ट’ म्हणतात, त्याने घोटाळा होतो. लङ् म्हणजे अनद्यतन भूत, आजचा नसलेला. अँपार्फेला आज-काल काही घेणं नाही, आज सकाळी पाऊस पडत होता यालाही तोच लागतो. मला तर ‘लट् स्मे’, म्हणजे वर्तमानकाळाच्या रूपाला ‘स्म’ जोडून केलेला भूतकाळ, जवळचं वाटतं. ‘वसति स्म’ म्हणून पंचतंत्रातली गोष्ट तुम्ही सुरू करायचात, तशी इथली प्रत्येक परीकथा ‘इल एते त्यून फ्वा’ने सुरू होते. यावर तुम्ही वाद घालणार, घाला. लेखी घाला, म्हणजे तेवढा वेळ खुर्चीत बसाल.

वापराकडे येते. तुमच्या आयुष्यातलं जे ‘असायचं’, ‘करायचो’, आणि जे ‘चाललं होतं’, ते सगळं यात बसतं. कां जेते पती, जाबिते आ वाई. ज नाजे दां ला क्रिश्ना. लहान होतो तेव्हा मी वाईला राहायचो, कृष्णेत पोहायचो. (नाजेच्या लेखनात ‘जी’नंतर एक ‘ई’ ठेवायचा, नाहीतर त्याचा ‘ग’ होतो. नू नाजियोंमध्ये तो नको.) घाटावरून उडी मारायचात, ढोल्या गणपतीच्या मागे कपडे ठेवायचात, आजी काठी घेऊन यायची, हे सगळं अँपार्फेत. पण एके दिवशी आजीने कपडेच उचलून नेले, तिथे अँपार्फे थांबला आणि पासे कोंपोझे आला. घडून गेलेली गोष्ट मागच्या चालू गोष्टीला मध्येच तोडते ती अशी. ज दोर्मे कां ल तेलेफोन आ सोने: मी झोपले होते आणि फोन वाजला. तुमचे पहाटेचे सहा होते, इथे रात्रीचा दीड. ते वाक्य मी फारसं म्हणत नाही.

सगळ्यांची चूक होते ती कोल्हापुराशी. तुम्ही म्हणाल, तिथे राहत होतो, म्हणजे अँपार्फे. पण ‘सात वर्षं’ म्हणालात की मोजमाप झालं, दार बंद झालं, आणि फ्रेंच माणूस ‘जे आबिते’ म्हणतो. ‘पांदां’, म्हणजे ‘इतका काळ’, आला की सावध व्हा. देवनागरीत ‘आबिते’ दोन्हीकडे सारखंच दिसतं, कानालाही फरक बारीक आहे. अँपार्फेच्या शेवटच्या ‘ए’ला तोंड जरा जास्त उघडायचं, आरशासमोर बसून. उभं राहून नाही.

‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्यामागेही हाच काळ येतो. इथे शाळेत मुलांना सांगतात, ‘ले सी नेम पा ले रे’, करवतीला पाकट मासा आवडत नाही. ऐकायला तेच ‘जर’ला ‘रे’ आवडत नाही असंही होतं, म्हणजे ‘सी’च्या लगेच पुढे ‘रे’ने संपणारं संकेतार्थी रूप घालायचं नाही. ‘सी जाव्हे’ म्हणायचं, ‘सी जोरे’ नाही. आणि ‘सी’ने नुसतं सुचवताही येतं: सी ओं रेस्ते आ ला मेझों? घरीच राहिलो तर? हे वाक्य रोज संध्याकाळी पाच वाजता, चप्पल शोधायच्या वेळेला म्हणा.

अदबीलाही तो चालतो. बेकरीत, ऑफिसात लोक ‘ज वूले वू दमांदे’ने सुरुवात करतात, ‘विचारायचं होतं’. सुरुवातीला मी थेट ‘मला हवंय’ म्हणायचे तेव्हा काउंटरवरच्या बाईंच्या भुवया वर जायच्या. खालच्या मजल्यावरच्या आजी मांजरीशीही याच काळात बोलतात, ‘इल आव्हे फँ, ल पती शा?’, भूक लागली होती का माझ्या पिल्लाला. मांजर त्या क्षणी समोर म्याव म्याव करत असतं. व्याकरणाचे लोक याला लाडाचा अँपार्फे म्हणतात.

आणि ईरा त्या दिवशी व्हिडिओवर तुम्हाला म्हणाली ना, ‘म्वा, जेते ला मेत्रेस, ए त्वा, तू एते लेलेव्ह’, तेव्हा तुम्ही ‘मी कधी हिचा विद्यार्थी होतो?’ म्हणून माझ्याकडे पाहिलंत. भूतकाळ नव्हता तो. इथली पोरं खेळ मांडताना असंच बोलतात: मी बाई, तू विद्यार्थी. मी लहानपणी बाहुल्यांना ओळीने बसवून तुमची छडी घ्यायचे, तुम्ही ताट बाजूला सारून खोटं खोटं कान धरून उभे राहायचात आणि आई आतून वरण निवतंय म्हणून ओरडायची. तुमच्याइतका गुणी विद्यार्थी मला पुढे मिळाला नाही. ईराला तोच हवाय. पुढच्या वेळी लगेच ‘वी, मेत्रेस’ म्हणा, अर्थ विचारत बसू नका.

बाकी सोयीचं सगळं बघितलं आहे. हात असलेली खुर्ची शनिवारी येईल, ती खिडकीपाशी ठेवायची, टीव्हीपाशी नाही. टॅब्लेटचा स्टँड आणि मोठ्या अक्षरांचं क्रियापदांचं पुस्तक दादा आणून देतोय. हयातीचा दाखला तो घरी येऊन मोबाइलवरून भरेल, बँकेत रांगेला जायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येणार आहे. आई, ‘भिंत खराब होते’ म्हणून त्याला परत पाठवू नकोस. तुझी साखरेची तपासणी दोनदा पुढे ढकललीस, ती याच आठवड्यात कर. बाबांना क्लासला सोडायला जाण्याचा तुझा वेळही आता वाचला, तो झोपायला वापर. पाटावर बसून भाज्या निवडणं आता पुरे.

ईराची शाळा साडेचारला सुटते, थंडीत तुमचे तेव्हा नऊ वाजतात. बाबा, जेवून, गोळी घेऊन बसा. एका दिवशी वाईची पाच वाक्यं, फक्त अँपार्फेत, मध्ये पासे कोंपोझे घुसवायचा नाही. ती चुका काढेल, तुमच्यापेक्षा कडक आहे. बाईंना आणि पोरांना भेटायचं असेल तर डॉक्टर हो म्हटल्यावर दादा गाडीने नेईल आणि ते सगळे खाली येतील, मी बोलून ठेवलं आहे.

राग आला असेल तर आईवर काढू नका, माझ्यावर काढा.

तुमची,
मनू

ता. क. एत्युदिए, म्हणजे ‘अभ्यास करणे’, याचं ‘आम्ही’चं रूप लिहिताना अँपार्फेत दोन ‘आय’ शेजारी येतात. पुस्तकात छपाईची चूक समजून लाल पेनाने एक खोडू नका.